वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममधला हायड्रोजनचा विसरण गुणांक दर वेळी वेगळा येतोय? धातू बदलण्याआधी हे तपासा

विसरण गुणांक म्हणजे वितळलेल्या धातूत हायड्रोजन किती वेगाने पसरतो ते सांगणारा आकडा. सोमवारी तो एक आला, गुरुवारी त्याच्या जवळपास दुप्पट. धातू तोच, मूस तीच, तापमान तेच ७५० °से., हायड्रोजनचा सिलिंडरही तोच. मधल्या दोन दिवसांत कोणी काही हलवलं नाही हे सगळे शपथेवर सांगायला तयार. हा प्रयोग करणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे अडकतो आणि पहिला संशय बहुतेक वेळा धातूवर घेतो. मीही घेतला. ९९.९९ टक्के शुद्धतेच्या कांड्या मागवल्या, त्या बदलून पुन्हा मागवल्या, आणि सहा महिन्यांनी कळलं की कांड्या निर्दोष होत्या. गडबड आधी वायूच्या बाजूला होती, मग मुशीत होती, आणि उरलेली माझ्या घाईत होती.

खाली लिहिलंय ते त्या क्रमानेच. ज्यांची मांडणी साधारण अशी आहे त्यांना थेट उपयोगी पडेल: तळ बंद असलेल्या अरुंद मुशीत रसाचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा, उभा स्तंभ, निर्वातात आधी विरघळलेला वायू काढून टाकायचा, मग वरून एक वातावरण दाबाने हायड्रोजन सोडायचा, आणि दाब तेवढाच राहावा म्हणून ब्युरेटमधून (खुणा असलेल्या, पाऱ्याने बंद केलेल्या मोजनळीतून) किती वायू पुरवावा लागतो ते घड्याळ लावून टिपायचं. पृष्ठभाग लगेच संपृक्त होतो, म्हणजे मावेल तेवढा वायू भरून घेतो, असं धरलं की शोषलेला वायू वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आलेखावर सरळ रेषा येते आणि तिच्या चढावरून गुणांक निघतो. पण चढावरून म्हणजे चढाच्या वर्गावरून. चढात १० टक्के चूक झाली की गुणांकात २१ टक्के. निम्मी रडकथा या वर्गातच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं ओतशाळेतले लोक विचारतात. खरं तर तेच या वायूला सगळ्यात चांगले ओळखतात. ६६० °से.ला, म्हणजे ऐन वितळणबिंदूवर, १०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमच्या रसात ०.६९ घन सेंमी हायड्रोजन मावतो आणि त्याच तापमानाच्या घन धातूत फक्त ०.०३६. रॅन्सली आणि न्यूफेल्ड यांनी १९४८ मध्ये दिलेले हे आकडे आजही वापरात आहेत. गोठताना एकोणीस वाटे वायूला एकच वाटा जागा उरते, बाकीचा बुडबुडे होऊन अडकतो. चाकणच्या एखाद्या डायकास्टिंगवाल्याला जुलैत विचारा, तो पिनहोलबद्दल, म्हणजे या बुडबुड्यांनी ओतीव भागात पडणाऱ्या बारीक भोकांबद्दल, तासभर बोलेल. हवेतली वाफ रसाला भिडली की अ‍ॅल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन रसात शिरतो. तो बाहेर किती वेगाने निघेल हे सांगायला विसरण गुणांक लागतो.

आधी बघा, तुम्ही किती मोजताय

हा हिशेब मी प्रयोग सुरू करताना केला नाही, ही पहिली चूक. १० मिमी व्यासाची मूस, ८ सेंमी उंचीचा स्तंभ, म्हणजे सुमारे साडेचौदा ग्रॅम रस. ७५० °से.ला १०० ग्रॅममध्ये सुमारे १.२५ घन सेंमी मावतो, म्हणजे आपला स्तंभ काठोकाठ भरला तरी ०.१८ घन सेंमी. आयकेनाउअर आणि मार्कोपूलोस यांचं १९७४ चं सूत्र या तापमानाला गुणांक सुमारे ०.००४ चौ. सेंमी प्रति सेकंद देतं. तो धरला तर पहिल्या पंधरा मिनिटांत ०.०५ आणि तासाभरात ०.१ घन सेंमीच्या आत-बाहेर वायू शोषला जाईल. पाण्याचे दोन थेंब.

आता ब्युरेट आणि जोडनळ्या यांत मिळून खोलीच्या तापमानाला असलेला वायू मोजा. आमच्याकडे तो ४० घन सेंमी होता. खोली एक अंशाने तापली की हा वायू सुमारे ०.१३ घन सेंमीने फुगतो. म्हणजे तासभराच्या मेहनतीचं जे काही आहे, त्याहून मोठी उडी खोलीचा एक अंश मारतो.

आमचा आलेख डोलायचा. वर जायचा, सपाट व्हायचा, पुन्हा वर. मी त्यावर पृष्ठभागावरच्या अभिक्रियांची एक सुंदर उपपत्ती लिहून ठेवली होती. ब्युरेटमधला दाब सारखा राहावा म्हणून पाऱ्याची बाटली वर-खाली करायचं काम लॅबचे मामा करायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, तो एसी बंद झाला ना, की पारा खाली बसतो. पुन्हा सुरू झाला की चढतो. मी मघापासून बघतोय." एसीचा कॉम्प्रेसर दर वीस मिनिटांनी चालू-बंद होत होता. डोलण्याचा काळही वीस मिनिटं. उपपत्ती कचऱ्यात गेली.

उपाय साधे आहेत, फक्त कंटाळवाणे. ब्युरेटला पाण्याचं जॅकेट आणि त्यातून थर्मोस्टॅटचं पाणी फिरतं ठेवा, अंशाच्या विसाव्या भागापर्यंत स्थिर. जोडनळ्या आखूड करा, एक-दीड मिमी छिद्राच्या घ्या. भट्टीच्या नळीत मुशीच्या वर जी रिकामी जागा असते तिथे अ‍ॅल्युमिनाच्या भरीव कांड्या ठासून भरा, म्हणजे गरम वायूचं आकारमानही कमी होतं. मूस रुंद करून संकेत, म्हणजे मोजायला मिळणारा वायू, वाढवायचा मोह होईल. करू नका, का ते खाली येतंय.

ब्लँक कशाचा घ्यायचा

वायू न शोषणाऱ्या मांडणीचं वाचन, म्हणजे ब्लँक, घेऊन ते वजा करायचं, हे सगळेच करतात. बहुतेक जण ते आर्गॉनवर घेतात, कारण आर्गॉन अ‍ॅल्युमिनियममध्ये विरघळत नाही म्हणण्याइतकाच विरघळतो. अडचण अशी की हायड्रोजन आर्गॉनपेक्षा जवळपास दहा पट चांगला उष्णतावाहक आहे. भट्टीच्या तोंडापासून थंड टोकापर्यंतच्या नळीत तापमान कसं उतरत जातं ते वायूप्रमाणे बदलतं, आणि त्याबरोबर तिथे मावणारा वायूही. आर्गॉनचा ब्लँक हायड्रोजनच्या वाचनातून वजा करणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

हीलियमची उष्णतावाहकता हायड्रोजनच्या जवळची, म्हणून मी हीलियम आणला. आणि काय आश्चर्य, हीलियम शोषला जायला लागला! अ‍ॅल्युमिनियम हीलियम पितं असा शोध लागल्याचा आनंद दहाएक मिनिटं टिकला. मग आठवलं, आमची बाहेरची नळी क्वार्ट्झची. तापलेल्या क्वार्ट्झमधून हीलियम सरळ आरपार जातो. वायू रसात जात नव्हता, खोलीत जात होता. हायड्रोजनही तापलेल्या क्वार्ट्झमधून जातो, हीलियमपेक्षा हळू, पण आपण थेंबभर मोजत असताना तेही पुरतं.

म्हणून आता मी ब्लँक हायड्रोजनवरच घेते. रसाच्या जागी त्याच व्यासाची, त्याच उंचीची भरीव अ‍ॅल्युमिना कांडी मुशीत ठेवायची, बाकी सगळं तंतोतंत तेच: तापमान, दाब, वेळ. नळीतून होणारी गळती, वायू तापण्याचा सुरुवातीचा झोका, सगळं त्यात येतं. दर वेळी घ्यायचा, महिन्यातून एकदा नाही. आणि शक्य असेल तर बाहेरची नळी दाट अ‍ॅल्युमिनाची करून टाका. क्वार्ट्झची मूस तर विसराच. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम तिच्यातला ऑक्सिजन खेचून सिलिकॉन रसात सोडतं, मग तुमचा शुद्ध धातू शुद्ध राहत नाही.

रेषा उशिरा सुरू होते

ब्लँक वजा करूनही रेषा शून्यातून न निघता दोन-चार मिनिटांनी जागी झाल्यासारखी वर येत असेल, तर पृष्ठभागावर साय आहे. दुधावर धरावी तशी ऑक्साइडची साय अ‍ॅल्युमिनियमवर क्षणात धरते, आणि हायड्रोजन कितीही सोडला तरी ती साय त्याने निघत नाही. या तापमानाला अ‍ॅल्युमिनाचं क्षपण करण्याची, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेण्याची, ताकद हायड्रोजनमध्ये नाही. जास्त वेळ वायू फिरवून पृष्ठभाग 'धुऊन' काढू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. वायूत वाफेचा अंश असेल तर उलट साय जाडच होते.

साय टाळायची तर रस मुशीत उतरवतानाच ती मागे ठेवावी लागते. वर एक छोटी ग्रॅफाइटची कुपी, तिच्या तळाला मिलिमीटरभराचं भोक. धातू कुपीत वितळवायचा आणि वरून किंचित दाब देऊन भोकातून खालच्या मुशीत उतरवायचा. जुनी साय कुपीत चिकटून राहते. सगळं निर्वातात. सिलिंडरचा हायड्रोजन तापवलेल्या पॅलॅडियम-चांदीच्या नळीतून गाळून घ्या. तिच्यातून हायड्रोजन पलीकडे जातो, वाफ अलीकडेच राहते. एका विद्यार्थ्याने आर्गॉनच्या लाइनवरचा टायटॅनियम स्पंजचा गाळप-नळकांडा उत्साहाने हायड्रोजनच्या लाइनवर बसवला होता. ऑक्सिजन पकडतो म्हणून. टायटॅनियमने ऑक्सिजनच्या आधी हायड्रोजनच गिळला, हायड्राइड झाला, आणि आम्ही सिलिंडर गळतोय समजून साबणाचं पाणी लावत बसलो.

आकडा कमी येतो: सुरुवातीचा वायू निघालेलाच नव्हता

प्रयोगापूर्वी रस अर्धा तास निर्वातात ठेवतो, असं अनेक जण लिहितात. आम्हीही तेच करत होतो. पण रसातून हायड्रोजन बाहेर निघायलाही विसरणच लागतं, जे आपण मोजायला बसलोय तेच. ०.००४ हा गुणांक आणि ८ सेंमीचा स्तंभ धरून गणित केलं तर आतला वायू एक टक्क्यावर यायला जवळपास आठ तास लागतात. अर्ध्या तासात वरचा थर रिता होतो, तळ भरलेलाच राहतो. मग हायड्रोजन सोडला की शोषण कमी दिसतं. समजा सुरुवातीला रसात संपृक्ततेच्या २० टक्के वायू शिल्लक होता आणि तुम्ही तो शून्य धरला, तर चढ ०.८ पट आणि गुणांक ०.६४ पट येईल. कांड्या किती काळ दमट कपाटात पडून होत्या यावर हा शिल्लक वायू ठरतो, म्हणून सोमवार आणि गुरुवारचे आकडे वेगळे. आमच्या दुप्पट-निमपटीच्या कोड्याचा मोठा भाग हाच निघाला.

आठ तास थांबणं जमत नसेल तर गोठण्याचा फायदा घ्या. निर्वातात वितळवा, तळाकडून हळूहळू गोठवा, पुन्हा वितळवा, पुन्हा गोठवा. गोठताना एकोणीस वाट्यांपैकी अठरा वाटे वायूला बाहेर पडावंच लागतं आणि वर अजून पातळ असलेल्या रसातून बुडबुडे निघून जातात. दोनदा असं केलं की शेवटचा निर्वात तासाभराचा पुरतो. मूसही आदल्या रात्री ९०० °से.ला भाजून घ्या. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली मूस पाणी धरते आणि तुम्ही वायू काढताना ती वायू देत राहते.

आकडा जास्त येतो: इथे जरा थांबा

गुणांक जास्त येण्याची दोन मोठी कारणं आहेत आणि ती एकमेकांसारखीच दिसतात. एक, रस ढवळला जातोय. दोन, वायू बाजूने शिरतोय.

ढवळणं म्हणजे अभिसरण. तळ एखाद-दोन अंशांनी जरी जास्त गरम असला तरी खालचा रस हलका होऊन वर येतो, वरचा भरलेला रस घेऊन खाली जातो, आणि तुम्ही विसरणाच्या नावाखाली चमचा फिरवल्याचा वेग मोजता. हा प्रश्न एवढा चिवट आहे की द्रव धातूंमधलं विसरण मोजायला माणसं अवकाशात गेली. १९८३ च्या स्पेसलॅब-१ आणि १९८५ च्या डी-१ या मोहिमांत वितळलेल्या कथिलाच्या अणूंचं विसरण मोजलं तेव्हा जमिनीवरच्या मोजणीपेक्षा आकडे कमी आले, कारण तिथे रसाला वर-खाली अशी दिशाच नव्हती. हायड्रोजन इतर अणूंपेक्षा साधारण शंभर पट चपळ असल्याने त्याच्या बाबतीत ढवळण्याचा वाटा कमी असतो, पण नसतो असं नाही.

जमिनीवर आपण एवढंच करू शकतो: स्तंभाचं वरचं टोक खालच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम ठेवायचं. त्यासाठी भट्टीची गुंडाळी दोन भागांत करून वेगवेगळे कंट्रोलर लावा आणि रिकाम्या मुशीत थर्मोकपल सेंटिमीटर-सेंटिमीटरने उतरवून तापमानाचा नकाशा काढा. भट्टीच्या डिस्प्लेवरचा आकडा त्या एका जागेचा असतो. इंडक्शन भट्टी या कामाला अजिबात नको, ती रस ढवळण्यातच वाकबगार. रोटरी पंपाची थरथरही पोचते. टेबलावर पाण्याने भरलेली वाटी ठेवा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. ते थरथरत असेल तर मोजणीच्या वेळी पंप बंद ठेवा किंवा दुसऱ्या टेबलावर हलवा.

बाजूने शिरणं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. मूस थोडीशी सच्छिद्र असेल तर हायड्रोजन तिच्या भिंतीत शिरतो आणि रसाला वरून खालपर्यंत सगळीकडून भिडतो. गणितात क्षेत्रफळ फक्त वरच्या गोल तोंडाचं धरलेलं असतं. त्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम या तापमानाला अ‍ॅल्युमिनाला नीट ओलं करत नाही, भिंतीपासून अंग चोरून उभं राहतं, तेव्हा फटीलाही वाव असतो. मूस तपासायची सोपी रीत: त्याच खोक्यातली एक मूस फोडा आणि ताज्या तुकड्याच्या कडेवर शाईचा थेंब टाका. थेंब तसाच बसून राहिला आणि पुसल्यावर डाग उरला नाही तर मूस दाट. शाई टिपकागदासारखी पसरली तर ते खोकं दुसऱ्या कामाला वापरा. आमचं पहिलं खोकं पसरणाऱ्यातलं होतं.

आता दोन्ही कारणं वेगळी कशी ओळखायची? व्यास बदला. ६, १० आणि १४ मिमीच्या मुशी, बाकी सगळं तेच. गुणांक रुंद मुशीत वाढत असेल तर रस ढवळला जातोय, कारण रुंद स्तंभात फिरायला मोकळी जागा मिळते. अरुंद मुशीत वाढत असेल तर वायू भिंतीतून येतोय, कारण अरुंद स्तंभाला तोंडाच्या मानाने भिंत जास्त. दोन्हींकडे वाढून मधे कमी येत असेल तर अभिनंदन, तुमच्याकडे दोन्ही रोग आहेत. खरा विसरण गुणांक मुशीच्या व्यासावर अवलंबून असू शकत नाही, आणि ही एक चाचणी दिली नसेल तर छापलेल्या आकड्यावरही मी फार विसंबत नाही. हायड्रोजन-अ‍ॅल्युमिनियमचे छापलेले आकडे आपापसांत पटींनी वेगळे आहेत ते उगाच नाही.

उलटी फेरी

व्यासाची चाचणी पार पडली की तोच स्तंभ पूर्ण संपृक्त करून वायू बाहेर निघताना मोजा. आत जाताना आणि बाहेर येताना गुणांक एकच यायला हवा. पण दाब एकदम निर्वातावर आणू नका. रसात एक वातावरणाला साजेसा वायू आहे आणि वर काहीच नाही, अशा वेळी भिंतीवरच्या बारीक खाचांमध्ये बुडबुडे फुटतात. ब्युरेटमधला पारा गुळगुळीत सरकण्याऐवजी पायऱ्या उतरल्यासारखा हलतो. दाब पाव वातावरणावर आणा. सीव्हर्ट्सच्या नियमाप्रमाणे विद्राव्यता दाबाच्या वर्गमुळाबरोबर बदलते, म्हणजे पाव दाबाला रसातला वायू निम्मा होतो. संकेत निम्म्यावर येतो खरा, पण बुडबुड्यांचा धोका बराच कमी होतो. तरीही पायऱ्या दिसल्याच तर ती फेरी सरळ बाद करा, सरासरीत घुसडू नका.

हायड्रोजनबद्दल एवढंच: हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या मधे तो पेट घेतो. भट्टी तापवण्यापूर्वी आर्गॉनने मांडणी धुऊन घ्या आणि बाहेर जाणारी नळी खिडकीबाहेर काढा, छताखाली नाही. पाऱ्याखाली ट्रे ठेवा.

आत आणि बाहेरचे आकडे १० टक्क्यांच्या आत जुळले की मी ती फेरी वहीत उतरवते. आत जातानाचा कमी आणि बाहेर येतानाचा बरोबर असेल तर पुन्हा निर्वाताचे तास वाढवते. दोन्ही सारखेच कमी आले तर कुपीचं भोक बघते. बहुतेक वेळा ते झिजून मोठं झालेलं असतं आणि साय रसाबरोबर खाली उतरलेली असते.